कंदिलाची काच

निर्मळ, १४ मे २००८

प्रणवराव,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो या खेपेला माझ्यापाशी नाही, तेव्हा तसंच पुढे वाचा. 'राव' आणि 'तुम्ही' वाचून नवल वाटेल. मी या घरात सून होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात. तुमच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात आणि आजवर तुम्हाला 'तू'शिवाय हाक मारलेली नाही. पण ज्याचं पत्र कंपनीच्या शिक्क्यानिशी टाईप होऊन येतं, त्याला वहिनीने 'तू' कसं म्हणायचं?

'श्रीपत यांच्या दुर्दैवी निधनाबद्दल कंपनी सहवेदना व्यक्त करते.' हे वाक्य तुमच्या सहीवर आहे. ज्याच्या खांद्यावर बसून निर्मळची जत्रा पाहिलीत तो श्रीपत आता 'यांच्या' झाला. दिल्लीत तुम्हाला काय कळवलं गेलं देव जाणे, म्हणून माझ्याकडून ऐका.

दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी आपल्या वाडीतली विहीर साफ होते आणि दरवर्षी ती श्रीपतच करतो, हे तुम्हाला सांगायला नको. २ मेला, शुक्रवारी, तो राजोडीहून सायकलवर आला. सकाळी मोटर लावून पाणी उपसलं. तळाला गुडघाभर उरलं तेव्हा तो घमेलं घेऊन उतरला. खाली पोचला, गाळ भरायला वाकला आणि सरळ झालाच नाही. एक घमेलंही वर आलं नाही. तुमच्या दादांनी हाका मारल्या आणि मग कमरेला दोर बांधून तेच उतरले. सातव्या पायरीवर त्यांचे हात सुटले. शेजारच्या प्लासिडने दोर धरून ठेवला होता म्हणून ते आज आहेत. श्रीपतला अग्निशमनवाल्यांनी तासाभराने काढलं.

त्याला उतरवण्याआधी मी माझ्या हाताने विहिरीत कंदील सोडला होता. तो विझला नाही. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे.

आता माझं ऐका. या विहिरीत सत्तावीस वर्षांत मी सत्तावीस वेळा कंदील सोडला, माझ्याआधी सासूबाईंनी. माणूस कधी मेला नाही. संक्रांतीनंतर तुमच्या कंपनीने हाकेच्या अंतरावर बोअर मारून जमिनीत कारखान्यांचा धुराडी वायू कोंबायला सुरुवात केली आणि मे महिन्यात माणूस मेला. यातून काय निघतं ते सांगायला मला नॉर्वेची डिग्री लागत नाही.

पूर्वी टँकर यायचे ते आपल्या विहिरींचं पाणी उपसून न्यायला. त्यांच्यापुढे गावाबरोबर मीही आडवी झोपलेय. आता टँकर येतात ते भरलेले येतात आणि रिकामे जातात, आणि त्यांना वाट करून दिली आमच्याच घराने. देवळापाशी सभा भरली होती तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'सोड्याच्या बाटलीत असतो तोच हा वायू. पृथ्वी तापू नये म्हणून आपण तो आठशे मीटर खाली खडकात पुरतो आहोत.' तेव्हा श्रीपतने विचारलं होतं, "प्रनवभाऊ, सोड्याच्या बाटलीला गोटी असते. ती घट बसली नाय तं?" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, 'श्रीपतदादा, वरचा अख्खा खडक हीच गोटी.' मग तुमचे दादा उठले आणि म्हणाले की माझा भाऊ बोलतोय, मला पुरे आहे. नरहरी बोलला म्हणून गावाने मान डोलावली.

फेब्रुवारीपासून विहिरीचं पाणी जिभेला चरचरतं आहे. जमीन हलते आहे ती वेगळीच. मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणालात, पूर्वेच्या डोंगरात खाणवाले सुरुंग लावतात त्याचे हादरे असतील. मी तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक हादऱ्याला फुली मारते आहे. अकरा फुल्या आहेत. एक २६ जानेवारीची, तीन रविवारच्या. सुट्टीच्या दिवशी कोणती खाण सुरुंग लावते, प्रणवराव? सगळ्यात मोठा हादरा २० एप्रिलचा, रविवारी भरदुपारी. मांडणीवरची भांडी खणखणली, ओटीवरचं सामान खाली आलं. किल्लारीला मदत घेऊन गेला होतात, परत आल्यावर याच ओटीवर बसून रडला होतात. तेच तुम्ही आता हादऱ्याला सुरुंग म्हणता.

वायू सोडणं सध्या बंद आहे. ते पुन्हा सुरू करू द्यायचं की नाही, यावर ७ जूनला शाळेच्या सभागृहात सरकारी साहेबांपुढे सुनावणी आहे. मी कॅलेंडर घेऊन जाणार आहे आणि तुमच्याविरुद्ध बोलणार आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. माझ्या धाकट्या जावेचा, रुचिताचा यात दोष नाही, तिला माझा आशीर्वाद सांगा.

प्रेमलता

निर्मळ, २४ मे २००८

प्रणवराव,

या वेळी हाताने लिहिलंत, उपकार झाले. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कलंडलेलं.

तुम्ही लिहिता: 'वहिनी, कंदील विझला नाही असं तुम्हीच म्हणता. जिथे वात जळते तिथे माणूस गुदमरत नाही, हे मला लहानपणी तुम्हीच विहिरीच्या काठावर शिकवलंत. शवविच्छेदनातही हृदय बंद पडल्याचंच लिहिलं आहे. तुमची साक्ष आमच्याच बाजूची आहे.' वा! काय पण हुशारी. मरताना हृदय कुणाचं बंद पडत नाही? श्रीपत पासष्टाव्या वर्षी नारळावर चढत होता. त्याचं हृदय नेमकं आपल्याच विहिरीच्या तळाशी बंद पडायचं होतं? आणि तुमचे दादा सातव्या पायरीवर सुटले त्यांचंही हृदय का?

कंदील म्हणजे काही तुमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे. वात विझायला एवढा वायू लागतो आणि माणूस पडायला तेवढा, असं कुणी मोजून ठेवलंय? तुम्हीच मोजलं असेल. तुमच्या तपासणीच्या बोअरमध्ये रोज आकडे घेतात आणि तुम्ही ते स्वतःच्या वहीत उतरवता, असं सभेत सांगत होतात. ते आकडे कुठे आहेत? मी फोनवर दोनदा विचारलं, दोनदा तुम्ही कंदिलावर बोललात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

तुम्हाला हवी होती म्हणून कॅलेंडरची झेरॉक्स पाठवते आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एप्रिलचं पान पाठवत नाही. त्यावर हळद सांडली आहे आणि अक्षर लागत नाही. २० तारखेचा हादरा सगळ्यात मोठा असल्यामुळे तेच पान महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

दादांबद्दल विचारलंत. ते घरी आहेत. खोकला कमी आहे. दिवसभर ओटीवर बसतात, वाडीत जात नाहीत. विहिरीवर पोलिसांनी फळ्या ठोकल्यात, तिकडे पाठ करून बसतात. तुमचा फोन आला की उठून आत जातात, हे तुम्हाला कळलं असेलच. माझ्याशीही फारसं बोलत नाहीत. पोलिसांनी दवाखान्यात विचारलं होतं, 'दिवा सोडला होता का?' तेव्हा नाकातली नळी बाजूला करून ते म्हणाले, 'हिने कंदील सोडला होता. विझला नाही.' त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलेलं नाही.

सुनावणीला बोलू नका, म्हाताऱ्या माणसांना कंपनीचे वकील नको नको ते विचारतात, असा सल्ला दिलात. मला बावन्नावं चालू आहे. आणि मला वकिलाची भीती दाखवणारा मुलगा मीच वाढवला, याचीच मला जास्त लाज वाटते.

प्रेमलता

निर्मळ, ३ जून २००८

प्रणवराव,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

परवा सुनंदा आली होती, श्रीपतची बायको. ओटीवर आली, खाली बसली, पाणीसुद्धा नको म्हणाली. तुमच्या कंपनीची माणसं तिच्या घरी जाऊन आली म्हणे. ती म्हणाली, "वैनी, ते सांगतात कंदील जलत व्हता, म्हंजे हवा चांगली व्हती. मग इचारतात, नवरा दारू प्यायचा काय, आदी कदी चक्कर आलती काय. मी म्हनलं, वैनींना इचारा." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "वैनी, तुमच्या हातचा कंदील हाय म्हनून तं तो डोळे मिटून उतरायचा. तुम्ही सांगा मला. खरंच जलत व्हता ना?"

मी म्हटलं, "हो."

ज्या माणसाने आयुष्यात ताडीला तोंड लावलं नाही, त्याला तुमची माणसं दारुडा ठरवताहेत आणि त्यांच्या हातात ते कोलीत माझ्या 'हो'ने दिलं आहे.

कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही. एप्रिलच्या पानावर हळद सांडलेली नाही. तुम्ही कधीतरी ते पान मागवणारच, म्हणून मीच सांगते त्यावर काय आहे. २० एप्रिलच्या चौकोनात फुली आहे आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे: 'मोठा हादरा. ओटीवरचा कंदील पडला. काच फुटली. नवी आणणे.'

नवी आणली नाही.

सोपाऱ्याच्या बाजारात दोनदा गेले, दोनदा विसरले. लोडशेडिंगला तुमची बॅटरी होती, कंदिलावाचून अडत नव्हतं. २ मेला श्रीपत दारात येऊन उभा राहिला तेव्हा आठवण झाली. समोर राहणाऱ्या फ्लॉसीकडे कंदील होता, मागून आणायला दोन मिनिटं लागली असती. काही नाही तर बादलीत मेणबत्ती लावून सोडता आली असती. सासूबाईंनी मला शिकवलं होतं ते अजून जसंच्या तसं कानात आहे. कंदील घरच्या बाईनेच सोडायचा, कारण उतरणारा तिच्या हातचं जेवून उतरतो. पाण्याला टेकेल इतका खाली न्यायचा, आणि काठावर बसून एक नारळ सोलून होईस्तोवर तिथेच ठेवायचा. तोवर वात जळली, तर माणूस.

मी दोराला तुमची बॅटरी बांधून सोडली.

नॉर्वेहून आलात तेव्हा सगळ्यांच्या वहिनींना साड्या येतात, तुम्ही मला बॅटरी आणलीत. वहिनी, ही पाण्यातही बंद पडत नाही, म्हणालात. मी ती अख्ख्या आळीला दाखवली होती. त्या दिवशीही श्रीपतला दाखवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? आमच्या प्रणवने आणलीय, बघ कसा उजेड पडतो. तळाचा खडान् खडा दिसत होता. श्रीपत वाकून बघत म्हणाला, "वैनी, एवडा उजेड तं देवळात नाय." त्याला वाटलं, उजेड आहे म्हणजे ठीक आहे. मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं मी विहिरीत उजेडच सोडत होते, असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलं होतं. कंदील उजेडासाठी नसतो, तो विझण्यासाठी असतो, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी माहीत नव्हतं.

तो बसल्यासारखा खाली गेला. बॅटरी त्याच्या पाठीवर लख्ख पडली होती. मी किंचाळले, हे धावत आले. यांना उतरवायच्या गडबडीत, लोक जमायच्या आत, मी दोर ओढून बॅटरी वर घेतली आणि पदराखाली धरली. मग तांदळाच्या डब्यात खुपसली. ती विझवायची रोजची कळ त्या घाईत मला सापडेना आणि नंतर डबा उघडवेना. दोन दिवस तांदळात जळत होती.

तुमच्या दादांनी उतरताना ती पाहिली होती. दवाखान्यात शुद्धीवर आल्याआल्या ते माझ्यासाठी खोटं बोलले. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. ते मला वाचवायला बोलले आणि त्या खोट्यावर तुमची कंपनी सुटते आहे. मी गप्प बसले तर ७ तारखेला तुमचे लोक म्हणतील, कंदील जळत होता, वायू नव्हता, दारुडा मेला. आणि टँकर पुन्हा सुरू होतील. पुढच्या वैशाखात गावातल्या कुठल्या विहिरीत कोण उतरेल ते तुम्हीच सांगा. मी बोलले तर सगळं गाव म्हणेल, श्रीपतला नरहरीच्या बायकोने मारला. ते खोटं नसेल.

तरी तुम्ही सुटलात असं समजू नका. माझ्या चुकीने तो उतरला. ज्याने तो मेला ते माझ्या चुकीने विहिरीत आलेलं नाही. आणि कंदील पाडला तो तुमच्या हादऱ्याने. मी माझं सांगणार आहे. तुम्ही तुमचे आकडे घेऊन या. नाही आलात तर मी समजेन की नऊ वर्षांचा होता तो मुलगा निर्मळच्या जत्रेतच हरवला.

प्रेमलता

निर्मळ, ९ जून २००८

प्रणव,

तू आला नाहीस. कंपनीच्या टेबलाशी टाय लावलेला दुसराच कुणी होता. तुझी पाटी ठेवली होती, मागे खुर्ची रिकामी. म्हणून काय झालं ते लिहून कळवते. 'तुम्ही' म्हणायचा मला आता कंटाळा आला आहे. ज्याच्यावर एवढा राग आहे त्याला परका म्हणवत नाही.

मी एप्रिलचं पान वाचून दाखवलं. 'नवी आणणे' इथे थांबले. साहेबांनी विचारलं, "मग आणली होती का?" मी म्हटलं, "नाही. मी बॅटरी सोडली." बॅटरी पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. टायवाला उठून म्हणाला की मग हा सरळसरळ घरच्यांचा निष्काळजीपणा आहे, कंपनीचा संबंध नाही. मी म्हटलं, "निष्काळजीपणा माझाच आहे, तो लिहून घ्या. आता एवढंच सांगा, कंदील सोडला असता तर तो विझला असता की नाही? आणि असता, तर कशाने?" त्याने कागद चाळले.

सुनंदा पहिल्या रांगेत बसली होती. उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वैनी, तुमच्या घरचं पानी मी परत पिनार नाय." मी मान खाली घातली. तिने मला माफ करावं अशी माझी इच्छा नाही, आणि ती करणारही नाही. फ्लॉसी आता समोरून जाताना दुसरीकडे बघते. हे सगळं मला कबूल आहे.

साहेबांनी विहीर उघडायचा हुकूम दिला. काल संध्याकाळी पंच आले, पोलिसांनी फळ्या काढल्या. मी सकाळीच सोपाऱ्याला जाऊन काच आणली होती. सुनंदाही आली. माझ्याशी बोलली नाही, पण काठावर माझ्या शेजारी उभी राहिली. मी कंदील पेटवला, काच बसवली, दोर बांधला. तेवढ्यात तुझे दादा ओटीवरून उठून आले. महिन्याभरात पहिल्यांदा ते विहिरीकडे तोंड करून बसले. मांडीवर नारळ घेतला, पहार मातीत रोवली आणि म्हणाले, "सोड. मी सोलायला घेतो."

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पाचवीपर्यंत वात सरळ होती. सहावीला लहान झाली. सातवीला गेली.

वर ओढला, पुन्हा पेटवला. पुन्हा सातवीला गेला. तिसऱ्यांदा सुनंदाने माझ्या हातातून दोर घेतला आणि स्वतः सोडला. तिच्याही हातचा सातवीलाच विझला. ती तशीच दोर धरून उभी राहिली, आणि मग कंदिलाशी बोलावं तसं खाली बघून म्हणाली, "दारू नव्हता पीत." पंचांनी ते लिहून घेतलं नाही. मी सांगितलं, लिहा.

आता टायवाला म्हणतो की हा वायू तिथे जुनाच असेल, विहिरीत असतोच, बोअरमधूनच आला याला पुरावा काय? त्याचं बोलणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी याच काठावर मी कंदील सोडला होता आणि तो जळत राहिला होता, एवढंच मला ठाऊक आहे. जानेवारीपासून खाली काय होत गेलं ते एकाच माणसाच्या वहीत आहे. साहेबांनी ते आकडे पंधरा दिवसांत मागवलेत. कंपनी कुठले देईल ते मला सांगता येत नाही. तुझ्याकडे खरे आहेत.

मी या गावात यापुढे कशी जगणार आहे ते तुला माहीत आहे. मी एक ओळ लिहिलेलं पान सगळ्यांसमोर उघडलं, तेव्हापासून मला रात्री झोप लागते, भूक मात्र लागत नाही. तू तुझी वही उघड. नाही उघडलीस तर दिल्लीत सुखाने राहा, या घराचं दार तुला कधी बंद होणार नाही, पण मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझ्या दादांचा तो नारळ अजून ओटीवर पडला आहे. वरच्या सालीचं एक सोडणसुद्धा पुरतं निघालं नव्हतं, तेवढ्यात वात गेली. मी तो तसाच ठेवला आहे. कंदील खुंटीवर आहे, काच पुसून. ये, आणि एकदा तुझ्या हाताने सोडून बघ.

वहिनी